मोटरला पळवणारा स्विच : वंदे भारतपासून घरच्या पंख्यापर्यंत

सेकंदाला हजारो वेळा उघडझाप करणारे छोटे स्विच आज रेल्वे पळवतात, स्कूटर पळवतात आणि तुमचं वीजबिलही कमी करतात. ते कसे काम करतात हे समजलं, तर खरेदीत आणि दुरुस्तीत फसगत होत नाही.

दुर्ग स्टेशनच्या फलाटावर तुम्ही इंजिनाजवळ उभे असाल आणि गाडी सुटत असेल, तर एकदा मुद्दाम कान द्या. आधी जाडसर गुणगुण ऐकू येते. मग ती चढत जाते, मध्येच सूर बदलते, पुन्हा चढते. जणू कुणी पेटीवर एकेक स्वर वाजवत वर चाललंय. लहान मुलं लगेच विचारतात, "आई, इंजिन गातंय का?" आणि आपण "हो, चल, आधी डब्यात चढ" म्हणून विषय संपवतो.

खरं तर या प्रश्नाचं उत्तर फार मजेशीर आहे. शिवाय ते फक्त रेल्वेपुरतं नाही. तुमच्या इनव्हर्टर एसीत, रिमोटवर चालणाऱ्या पंख्यात आणि शेजाऱ्यांच्या इलेक्ट्रिक स्कूटरमध्येही तेच तंत्र बसलेलं असतं. त्याचं नाव पल्स विड्थ मॉड्युलेशन, थोडक्यात पीडब्ल्यूएम. नाव ऐकून घाबरू नका. शिलाई मशीन आणि ठिपक्यांची रांगोळी माहीत असेल, तर हे तंत्रही समजेल.

चुनखडीपासून रुळापर्यंत

तुम्ही भिलाईजवळच्या नंदिनी नगरात राहत असाल, तर या गोष्टीशी तुमचं नातं जुनं आहे. नंदिनीच्या खाणीतली चुनखडी दशकानुदशकं भिलाईच्या पोलाद कारखान्यात गेली. खनिजातली अशुद्धी वेगळी काढायला झोतभट्टीत चुनखडी लागते. या कारखान्याची पहिली झोतभट्टी ४ फेब्रुवारी १९५९ रोजी तेव्हाचे राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते सुरू झाली. पुढे भिलाई म्हणजे देशाच्या रेल्वेचे रूळ, अशी ओळखच झाली. आज इथून २६० मीटर लांबीचे जोडरूळ जातात.

त्या रुळांवर धावणाऱ्या गाड्या मात्र गेल्या तीस वर्षांत आतून पार बदलल्या. भिलाईच्या इलेक्ट्रिक लोको शेडमध्ये दिसणारी डब्ल्यूएजी-९ मालगाडी इंजिनं आणि डब्ल्यूएपी-७ प्रवासी इंजिनं या नव्या पिढीतली. ११ डिसेंबर २०२२ पासून नागपूर आणि बिलासपूरच्या दरम्यान धावणारी, दुर्गला थांबणारी वंदे भारतही त्याच घराण्यातली. सुट्टीत भिलाईहून नागपूर, अमरावतीकडे जाणाऱ्या मराठी कुटुंबांना तर हा मार्ग पाठच आहे. या सगळ्या गाड्यांच्या पोटात काय आहे, ते आता पाहू.

मोटरचा वेग ठरवतं कोण?

घरात येणारी वीज सरळ वाहत नाही. ती सेकंदाला ५० वेळा पुढे-मागे अशी पूर्ण झुलते. यालाच आपण ५० हर्ट्झ म्हणतो. इंडक्शन मोटरच्या आतल्या वाइंडिंगला तीन फेजची अशी झुलणारी वीज दिली, की तिथे फिरणारं चुंबकीय क्षेत्र तयार होतं आणि मधला रोटर त्याच्या मागे धावू लागतो.

आता साधा हिशेब. दोन ध्रुवांच्या मोटरमध्ये हे क्षेत्र विजेच्या प्रत्येक झुल्याला एक फेरी मारतं. सेकंदाला ५० झुले म्हणजे ५० फेऱ्या, मिनिटाला ३,०००. चार ध्रुव असतील तर १,५००. म्हणजे थेट घरच्या विजेवर चालणारी इंडक्शन मोटर कितीही महागाची घ्या, मिनिटाला ३,००० फेऱ्यांच्या पुढे जाणार नाही. (तुमचा मिक्सर याहून जोरात फिरतो, कारण त्यात कार्बन ब्रशची वेगळ्या जातीची मोटर असते. तो कर्कश आवाज, ठिणग्या आणि ब्रश झिजणं ही त्या वेगाची किंमत.)

म्हणजे मोटर जास्त पळवायची, तर विजेचा झुलाच जास्त वेगाने हलवावा लागेल. आणि हळू चालवायची, तर झुलाही हळू हवा. महावितरण असो की छत्तीसगडची वीज कंपनी, ती आपल्याला ५० हर्ट्झच देणार. हवा तसा झुला आपल्यालाच तयार करावा लागतो. ते काम करणाऱ्या यंत्राला इनव्हर्टर म्हणतात. बॅटरीतली किंवा साठवलेली सरळ वाहणारी डीसी वीज घ्यायची आणि तिची हव्या त्या वारंवारितेची एसी वीज करून मोटरला द्यायची, हे त्याचं काम.

जुनी पद्धत : वीज अडवा, उष्णता सोसा

३ फेब्रुवारी १९२५ रोजी मुंबईत व्हीटी ते कुर्ला अशी देशातली पहिली विजेवरची गाडी धावली. तारेत १,५०० व्होल्टची डीसी वीज होती आणि गाडीत ब्रशच्या डीसी मोटर. अशा गाडीला एकदम पूर्ण वीज दिली, तर मोटर जळून जाईल. म्हणून सुरुवातीला मध्ये मोठमोठे रेझिस्टन्स घालायचे आणि वेग वाढेल तसे ते एकेक करून काढायचे. मधल्या काळात अडवलेली वीज नुसती उष्णता होऊन जायची.

घरातही हेच होतं. जुन्या काळचा तो काळा, चौकोनी पंख्याचा रेग्युलेटर आठवतो? पंखा एक नंबरवर ठेवला की रेग्युलेटर गरम व्हायचा. पंखा हळू फिरत होता, पण वाचलेल्या विजेतला मोठा वाटा त्या डबीत तापून वाया जात होता.

पंख्यासाठी हे चालून जातं. पण हजारो अश्वशक्तीच्या इंजिनात वीज अशी अडवत बसलो, तर इंजिनाची भट्टी होईल.

नवी पद्धत : पूर्ण चालू, नाहीतर पूर्ण बंद

इथे पीडब्ल्यूएमची युक्ती येते. वीज अर्धवट अडवायचीच नाही. स्विच एकतर पूर्ण चालू ठेवायचा, नाहीतर पूर्ण बंद.

याने काय साधतं? स्विच पूर्ण चालू असतो, तेव्हा त्याच्यावर व्होल्टेज जवळपास उरत नाही. पूर्ण बंद असतो, तेव्हा त्यातून करंट जात नाही. उष्णता होते ती व्होल्टेज आणि करंट यांच्या गुणाकारातून. दोन्हीपैकी एक शून्याजवळ असलं, की गुणाकारही शून्याजवळ. म्हणून स्विच फारसा तापत नाही.

मग मोटरला कमी वीज कशी मिळते? वेळ मोजून. समजा ६०० व्होल्टची डीसी वीज आहे. स्विच निम्मा वेळ चालू, निम्मा वेळ बंद असा झरझर हलवला, तर मोटरला सरासरी ३०० व्होल्ट मिळतात. पाव वेळ चालू ठेवला, तर १५०. वीज देण्याच्या या एकेका झटक्याला पल्स म्हणायचं आणि तो किती वेळ टिकतो, ती त्याची रुंदी. रुंदी बदलून वीज कमी-जास्त करणं म्हणजेच पल्स विड्थ मॉड्युलेशन.

पण मग मोटर धक्के खात नाही का? शिलाई मशीन आठवा. पाय पायडलवर थांबून थांबून दाब देतो, तरी चाक सलग फिरतं, कारण जड चाक दोन दाबांमधली फट भरून काढतं. मोटरच्या वाइंडिंगमध्येही असंच एक जडत्व असतं. तांब्याच्या तारेच्या वेटोळ्यातला करंट एकदम वाढत नाही आणि एकदम थांबतही नाही. व्होल्टेज कितीही तुटक आलं, तरी करंट बऱ्यापैकी सलग वाहतो.

आता पुढची पायरी. सगळे पल्स एकाच रुंदीचे न ठेवता आधी अरुंद, मग रुंद, मग सर्वांत रुंद, पुन्हा अरुंद असे दिले, तर सरासरी हळूहळू वर जाईल आणि खाली येईल. मग दिशा उलटी करून तेच. झाला की विजेचा झुला तयार! हा झुला सेकंदाला ५ वेळा हलवायचा की ५०० वेळा, ते आपल्या हातात. पल्स किती रुंद करायचे यावर व्होल्टेज ठरतं, तेही आपल्या हातात. मोटर हळू असताना वारंवारिता आणि व्होल्टेज दोन्ही कमी, वेग वाढेल तशी दोन्ही जास्त. तीन फेजसाठी असे सहा स्विच पुरतात.

१९६४ मध्ये ब्राउन बोव्हेरी या स्विस कंपनीच्या पत्रिकेत शोनुंग आणि श्टेमलर या दोन अभियंत्यांनी मोटर चालवण्यासाठी ही पद्धत मांडली. ती रेल्वेत सर्रास यायला मात्र बराच काळ गेला, कारण इतकी वीज पेलून इतक्या झपाट्याने हलणारे स्विचच तेव्हा नव्हते.

इंजिन गातं ते का?

आता त्या गाण्याकडे वळू. प्रत्येक पल्सबरोबर मोटरच्या लोखंडाला चुंबकीय हिसका बसतो आणि ते किंचित थरथरतं. सेकंदाला शेकडो हिसके म्हणजे शेकडो थरथरी, आणि आपल्या कानाला तो सूर वाटतो. माणसाला साधारण २० ते २०,००० हर्ट्झपर्यंतचे आवाज ऐकू येतात आणि स्विचची उघडझाप बहुतेक वेळा याच पट्ट्यात येते.

१९९० च्या दशकात एबीबी कंपनीकडून आलेल्या तंत्रावर आपली थ्री-फेज इंजिनं सुरू झाली, तेव्हा त्यांत जीटीओ जातीचे स्विच होते. ते भरपूर वीज पेलत, पण स्वभावाने मंद. सेकंदाला काहीशेच वेळा हलू शकत. म्हणून गाडी हळू असताना एका झुल्यात बरेच पल्स बसवायचे आणि वेग वाढेल तशी त्यांची संख्या टप्प्याटप्प्याने कमी करायची, अशी योजना असे. प्रत्येक टप्प्याला सूर बदले. फलाटावर ऐकू येणारी ती चढत्या स्वरांची ओळ म्हणजे हाच टप्पाबदल. पुढे आयजीबीटी हे चपळ स्विच आले. त्यांची उघडझाप जास्त वेगाने होते, म्हणून नव्या गाड्यांचा आवाज बारीक आणि एकसलग लागतो.

हा आयजीबीटी विकसित करण्याचं मोठं श्रेय एका भारतीयाकडे जातं. आयआयटी मद्रासमधून १९६९ मध्ये बाहेर पडलेले बी. जयंत बालिगा यांनी अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिकमध्ये असताना १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला त्यावर काम केलं. २०२४ चा मिलेनियम टेक्नॉलॉजी पुरस्कार त्यांना याच कामासाठी मिळाला.

वेग वाढला की खरी परीक्षा

रेल्वेची मोटर ताकदीला मोठी, पण वेगात ती सर्वांत पुढे नाही. हिशेब करून पाहा. डब्ल्यूएपी-७ च्या नव्या चाकाचा व्यास १.०९ मीटर. ताशी १३० किलोमीटरला हे चाक मिनिटाला सुमारे ६३० फेऱ्या मारतं. मोटर आणि चाक यांच्यात ७२ आणि २० दात्यांचे गिअर आहेत, म्हणजे मोटर चाकाच्या ३.६ पट फिरते. झाल्या सुमारे २,२७० फेऱ्या.

आता लहान मोटरींकडे या. लाकूड किंवा धातू कोरणाऱ्या सीएनसी मशीनचा स्पिंडल मिनिटाला २४,००० फेऱ्या मारतो. दोन ध्रुवांच्या अशा स्पिंडलला ४०० हर्ट्झची वीज लागते. डायसनच्या व्ही-१० या हातात धरायच्या व्हॅक्यूम क्लीनरची मोटर तर मिनिटाला १,२५,००० फेऱ्यांपर्यंत जाते. इलेक्ट्रिक कारच्या मोटरही आकार आणि वजन कमी राहावं म्हणून जास्त वेगाच्या केल्या जातात. तीच ताकद जास्त वेगाने काढली, तर मोटर लहान करता येते.

अडचण इथेच सुरू होते. समजा एका कारच्या मोटरला ध्रुवांच्या चार जोड्या आहेत. ती मिनिटाला १,५०० फेऱ्यांनी चालली, तर विजेचे झुले होतात सेकंदाला १००. स्विच सेकंदाला १०,००० वेळा हलत असेल, तर एका झुल्याला १०० पल्स मिळतात. आता गाडी सुसाट सुटली आणि मोटर १५,००० फेऱ्यांवर गेली. झुले झाले सेकंदाला १,०००. स्विच तोच, वेग तोच. एका झुल्याच्या वाट्याला उरले फक्त १० पल्स.

ठिपक्यांची रांगोळी काढणाऱ्यांना हे लगेच कळेल. शंभर ठिपक्यांतून गोल काढला, तर तो गोल दिसतो. दहा ठिपक्यांत काढला, तर कोपरे दिसतात. विजेच्या झुल्यालाही असे कोपरे आले, की मोटर थरथरते, रोटर तापतो. रोटरमध्ये कायमचे चुंबक असतील, तर जास्त उष्णतेने त्यांची ताकद कायमची घटू शकते.

मग स्विच आणखी जोरात हलवा की! तिथे दुसरी अडचण. चालू आणि बंद या दोन टोकांना स्विच तापत नाही हे खरं. पण एका टोकाकडून दुसरीकडे जाताना क्षणभर व्होल्टेजही असतं आणि करंटही. त्या क्षणी थोडी उष्णता होतेच. समजा एका उघडझापीला १० मिलिज्यूल ऊर्जा वाया जाते. सेकंदाला १०,००० उघडझापींचे झाले १०० वॅट. सहा स्विचचे ६०० वॅट. उघडझाप दुप्पट केली, की वाया जाणारी वीजही दुप्पट. स्कूटरच्या किंवा कारच्या बंद डब्यात एवढी उष्णता बाहेर काढणं सोपं नाही.

तिसरी अडचण सुरक्षेची. एका फेजचे वरचा आणि खालचा असे दोन स्विच असतात. दोन्ही एकाच वेळी चालू झाले, तर बॅटरीचा थेट शॉर्टसर्किट. एकेरी लाईनवर समोरासमोर दोन गाड्या सोडण्यासारखंच ते. म्हणून एक पूर्ण बंद झाल्यावर थोडा वेळ थांबून मगच दुसरा चालू करतात. हा थांबा एखाद-दोन मायक्रोसेकंदांचा, म्हणजे सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाच्या एक-दोन पट. ऐकायला किरकोळ वाटतो. पण उघडझाप सेकंदाला २०,००० वेळा असेल, तर एका पल्सचा पूर्ण अवधीच ५० मायक्रोसेकंदांचा. त्यात २ मायक्रोसेकंद थांब्यात गेले, म्हणजे ४ टक्के वेळ हातचा गेला. वेगवान मोटरमध्ये याचीही भरपाई करावी लागते.

यावर अभियंत्यांनी दोन वाटा काढल्या. पहिली वाट हिशेबाची. पल्स कमी असले, तरी ते झुल्याशी अगदी जुळवून, ठरलेल्या जागीच द्यायचे. सर्वांत वरच्या वेगाला तर अर्ध्या झुल्याला एकच सलग पल्स देतात. त्याने व्होल्टेज पुरेपूर मिळतं आणि उघडझाप किमान होते. दुसरी वाट नव्या पदार्थाची. नेहमीच्या सिलिकॉनऐवजी सिलिकॉन कार्बाइडचे स्विच एका टोकाकडून दुसरीकडे फार झटकन जातात, त्यामुळे मधली उष्णता कमी. २०१७ मध्ये आलेल्या टेस्लाच्या मॉडेल-३ मध्ये असे स्विच होते आणि त्यानंतर कार उद्योगात त्यांची चढाओढ सुरू झाली.

म्हणून हे लक्षात ठेवा. वेगवान मोटर बनवणं हा अर्धाच पराक्रम. तिला नीट पळवणारा स्विच बनवणं हा उरलेला अर्धा.

ब्रेक लावला की वीज परत

या सहा स्विचची आणखी एक गंमत. विजेचा झुला रोटरपेक्षा किंचित हळू ठेवला, तर तीच मोटर जनरेटर होते. गाडीचा वेग कमी होतो आणि वीज उलट वाहू लागते. नागपूरकडे जाताना डोंगरगडच्या पुढे दरेकसाचा डोंगराळ टापू लागतो. अशा भागात उतारावर थ्री-फेज इंजिन ब्रेक म्हणून मोटरच वापरतं आणि तयार झालेली वीज वरच्या २५,००० व्होल्टच्या तारेत परत पाठवतं. स्कूटरमध्ये हीच वीज बॅटरीत जाते. वीज वाचते आणि ब्रेकही कमी झिजतात.

तुमच्या घरात हे कुठे आहे?

पंखा : साधा छताचा पंखा साधारण ७५ वॅट घेतो. बीएलडीसी पंखा सुमारे ३० वॅटमध्ये तेवढाच वारा देतो. आयआयटी मुंबईच्या माजी विद्यार्थ्यांनी २०१२ मध्ये सुरू केलेल्या ॲटमबर्ग कंपनीने हा पंखा आपल्याकडे घराघरांत ओळखीचा केला, आता बहुतेक कंपन्या तो बनवतात. रोज १२ तास चालवला, तर एका पंख्यामागे महिन्याला सुमारे १६ युनिट वाचतात. मात्र हा पंखा जुन्या भिंतीवरच्या रेग्युलेटरमधून चालवू नका. रेग्युलेटर अर्धवट वीज देतो आणि आतल्या बोर्डाला ती सोसत नाही. बसवतानाच इलेक्ट्रिशियनला रेग्युलेटर बाजूला काढायला सांगा.

इनव्हर्टर एसी : साध्या एसीचा कॉम्प्रेसर पूर्ण वेगाने चालतो, खोली थंड झाली की बंद पडतो, पुन्हा सुरू होतो. इनव्हर्टर एसीचा कॉम्प्रेसर वेग कमी करून चालत राहतो. म्हणून तो सारखा बंद-चालू करून वीज वाचत नाही. २५-२६ अंशांवर लावून निवांत चालू द्या. रात्रभर एसी लागत असेल, तर जास्त किंमत लवकर वसूल होते. दिवसाला तासभरच लागत असेल, तर आधी हिशेब करा. विकत घेताना बीईईचं स्टार लेबल आणि त्यावरचा आयएसईईआर आकडा पाहा. जास्त आकडा म्हणजे जास्त बचत.

वीज गेल्यावरचा इनव्हर्टर : हाही बॅटरीच्या डीसीची एसीच करतो. स्वस्त स्क्वेअर वेव्ह इनव्हर्टर विजेचा झुला गोल काढत नाही, सरळ चौकोनी काढतो. म्हणून त्यावर पंखा घुरघुरतो आणि तापतो. साइन वेव्ह इनव्हर्टर पीडब्ल्यूएमने झुला गोल करतो. घरात पंखे, फ्रीज किंवा पाण्याची मोटर त्यावर चालवायची असेल, तर साइन वेव्हच घ्या.

शेतातला सौर पंप : छत्तीसगडमध्ये १ नोव्हेंबर २०१६ पासून सौर सुजला योजना सुरू झाली. सौर पंपाच्या खांबावर जी कंट्रोलरची पेटी असते, तिच्यातही हाच खेळ असतो. पॅनलची डीसी वीज घेऊन ती पंपाच्या मोटरला हव्या त्या वेगाने फिरवते. ढग आले की पंप एकदम बंद न पडता मंदावतो, तो त्यामुळे. ही पेटी उन्हा-पावसात उघडी पडू देऊ नका.

इलेक्ट्रिक स्कूटर आणि कार : जानेवारी २०२० मध्ये पुण्याच्या बजाजची इलेक्ट्रिक चेतक आणि टाटांची नेक्सॉन ईव्ही एकाच महिन्यात बाजारात आल्या. तेव्हापासून ही वाहनं आपल्या रस्त्यांवर सरावाची झाली. लांब चढावर, भर उन्हाळ्यात दोघं बसलेले असताना स्कूटर मध्येच मंदावली, तर लगेच "मोटर गेली" म्हणू नका. स्विच तापले की कंट्रोलर स्वतःहून ताकद कमी करतो. थोडं थांबा, थंड होऊ द्या. रोजच असं होत असेल, तर मात्र सर्व्हिस सेंटर गाठा. धुताना जोराच्या पाण्याचा फवारा कंट्रोलरच्या बाजूला मारू नका.

कारखान्यात आणि वर्कशॉपमध्ये काम करणाऱ्यांसाठी

भिलाईच्या पट्ट्यात घरटी कुणी ना कुणी कारखान्यात, खाणीत किंवा वर्कशॉपमध्ये असतं. पोलाद कारखान्यांत रोलिंग मिल, क्रेन, पंप, मोठे पंखे आता ड्राइव्हवर चालतात. ड्राइव्ह म्हणजे हाच इनव्हर्टर. पंख्याचा किंवा पंपाचा वेग ८० टक्क्यांवर आणला, तर लागणारी ताकद जवळपास निम्म्यावर येते, कारण ती वेगाच्या घनाप्रमाणे बदलते. व्हॉल्व्ह आवळून पाणी कमी करण्यापेक्षा मोटरच हळू करणं केव्हाही स्वस्त.

पण ड्राइव्हवरच्या मोटरला साध्या मोटरसारखं वागवलं, तर ती लवकर जाते. पल्सच्या उभ्या कडा वाइंडिंगच्या इन्सुलेशनवर आदळत राहतात. ड्राइव्ह आणि मोटर यांच्यात लांबच लांब केबल असेल, तर पल्स मोटरच्या टोकावरून परत उसळतो आणि तिथलं व्होल्टेज क्षणभर दुपटीच्या जवळ जातं. रिवाइंडिंगला मोटर आली, तर ती ड्राइव्हवर चालते का हे आधी विचारा आणि त्या प्रतीचीच तार वापरा. नवी बेअरिंग महिन्या-दोन महिन्यांत खरखरू लागली, तर फक्त ग्रीसला दोष देऊ नका. शाफ्टवर जमलेलं व्होल्टेज बेअरिंगमधून उडतं आणि आतल्या गुळगुळीत पृष्ठभागावर बारीक खड्डे पाडतं. शाफ्टला अर्थिंग ब्रश लावणं, केबल आखूड ठेवणं, शील्डची केबल वापरणं हे त्यावरचे उपाय.

मोटर रिवाइंड करणाऱ्यांची एक अख्खी पिढी तांब्याची तार हाताने गुंडाळत कमावती झाली. पुढच्या पिढीला तारेबरोबर बोर्डही वाचावा लागणार. आयटीआयला जाणाऱ्या मुलामुलींना सांगा, इलेक्ट्रिशियन ट्रेडबरोबर ड्राइव्ह आणि पॉवर इलेक्ट्रॉनिक्स शिकून घ्या. बोर्ड दुरुस्त करू शकणारा माणूस जवळपास नसेल, तर ग्राहकाला पूर्ण मोटर बदलण्याचा खर्च पडतो. असा माणूस गावात असेल, तर ग्राहकाचे पैसे वाचतात आणि त्या माणसाला कामही मिळतं.

दुकानात विचारायचे चार प्रश्न

मोटर असलेली कुठलीही नवी वस्तू घेताना हे प्रश्न जरूर विचारा. मोटरची आणि कंट्रोल बोर्डाची वॉरंटी वेगवेगळी आहे का, आणि बोर्डाची किती वर्षांची? बोर्ड बिघडला तर फक्त बोर्ड मिळतो की पूर्ण मोटर बदलावी लागते? व्होल्टेज कमी-जास्त झालं तर ती वस्तू किती सोसते? आणि दुरुस्ती आपल्याच शहरात होते का?

विक्रेता पहिल्या दोन प्रश्नांना अडखळला, तर घाई करू नका, दुसरं दुकान पाहा. कारण ब्रश नसलेली मोटर वर्षानुवर्षं चालते. आधी बिघडतो तो बहुतेक वेळा तिला पळवणारा बोर्ड, आणि खिशाला भोक पडतं तेही तिथेच.